मॅडम, घरी चालते!

मे महिन्यात नागपूरला चालले आहे असं स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा एकीनं ग्लुकोजचा पुडा हातात ठेवला, दुसरीनं पर्समध्ये कांदा ठेवायला सांगितलं आणि विभागप्रमुखांनी ‘जपून’ एवढंच म्हणून मान हलवली. काम तसं साधं होतं. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायची, दोन दिवसांत गुण भरायचे, लिफाफ्यावर सही करायची आणि परतीची गाडी पकडायची. साताऱ्याला गेली सत्तावीस वर्षं मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवते. बाह्य परीक्षक म्हणून इतकी हिंडले आहे, की महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांची मला फक्त संगणक प्रयोगशाळा माहीत आहे. नागपूरही तसंच उरकेल अशी माझी समजूत होती.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण ऊन दुपारी दोनचं होतं. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या मुली दुपट्ट्यानं डोकं-तोंड बांधून स्कूटर हाकत होत्या. उघडे दिसत होते ते फक्त गॉगल. मला घ्यायला आलेले ढोबळे सर कॉलेजचे अंतर्गत परीक्षक, म्हणजे पुढचे दोन दिवस माझे जोडीदार. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, कायम हसरे. मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाले, “मॅडम, आधी पोहे. परीक्षा कुठं पळून राहिली?”

नागपूरचे पोहे म्हणजे तर्रीपोहे. आपल्यासारखेच पोहे, पण त्यांच्यावर तर्री (काळ्या चण्याचा तेलकट, झणझणीत रस्सा) ओततात. पहिल्या घासाला मला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्यानंतर मी अजून थोडी तर्री मागून घेतली. सरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तिथंच आमची दोस्ती झाली म्हणायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत मोठाले कूलर घोंघावत होते. त्यांच्या वाऱ्यानं अहवालांची पानं उडत होती आणि मुलं पानांमागे धावत होती. प्रकल्प नेहमीचेच. ग्रंथालयाची व्यवस्था, दवाखान्याच्या भेटीच्या वेळा, चेहऱ्यावरून हजेरी. हजेरीवाल्या एका कार्यक्रमानं ढोबळे सरांना कुणी वैष्णवी म्हणून हजर धरलं. सर इतके हसले, की त्या गटाची भीतीच गेली.

माझा एक नियम आहे, तो इथं सांगायला हवा. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका गटाला नुसत्या गोड बोलण्यावर पास केलं होतं. त्यांचा प्रकल्प बाजारातून तयार आणलेला निघाला आणि भर बैठकीत मला खाली मान घालून बसावं लागलं. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर जे चालत नाही, त्याला मी पास करत नाही. माझी ही ख्याती मुलांच्या कानांवर माझ्याआधी पोचते आणि, खरं सांगते, मला ते आवडतं.

त्या दिवशीची शेवटची मुलगी प्रणाली पराते. एकटीच होती. गटातल्या बाकी दोघींनी ‘मागांच्या खटखटाटात कोण बसणार’ म्हणून दुसरा गट धरला होता. तिचा प्रकल्प होता यंत्रमागाच्या शेडसाठी. माग चालायला कांड्या लागतात (कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी), आणि प्रत्येक मागापाशी भरलेल्या कांड्यांची एक टोपली असते. टोपलीत कांड्या किती उरल्या ते पडद्यावर रंगानं कळावं, एवढंच काम. भरपूर असतील तर हिरवा चौकोन, संपत आल्या तर पिवळा, संपल्या तर लाल.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर आठ चौकोन आले. आठही राखाडी. आम्ही पाच मिनिटं पाहत बसलो, ते राखाडीच राहिले.

“काय झालं?” मी विचारलं.

“मॅडम, घरी चालते,” ती म्हणाली.

हे वाक्य मी सत्तावीस वर्षं ऐकते आहे. घरी चालतं, काल चालत होतं, मित्राच्या मशीनवर चालतं. मी पेन खाली ठेवलं. “घरी सगळ्यांचंच चालतं गं. इथं का चालत नाही?”

“मागावर छोटं यंत्र लावलं आहे, ते धोट्याच्या फेऱ्या मोजते. त्यावरून कांड्या किती संपल्या ते कळते. इथं माग कुठं आहे?”

“मग खोटे आकडे भरून दाखवायचेस. एवढं तर दुसऱ्या वर्षाचं पोरही करतं.”

ती गोरीमोरी झाली, पण मान खाली घातली नाही. “सगळे खोटेच आकडे दाखवून राहिले होते, मॅडम. मले नाही दाखवावंसं वाटलं.”

मला राग आला. काही अंशी तिच्या हट्टाचा, आणि काही अंशी ती मला जे सांगत होती ते खरं असल्याचा. मी गुणांची जागा कोरी ठेवली आणि तिला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर ढोबळे सर पहिल्यांदाच गंभीर दिसले. “मॅडम, पोरगीले एम.टेक.ची जागा भेटली आहे. मास्तरीण व्हायचं आहे तिले. प्रकल्पात गेली तर निकाल अडकते, आन् जागाही जाते.”

“सर, माझा नियम आहे.”

“ते तर सगळ्यांले माहीत आहे,” ते म्हणाले आणि मला अतिथिगृहात सोडून गेले.

संध्याकाळी चहा घेत मी तिचा अहवाल उघडला. आकृत्या भयंकर होत्या, दोन ठिकाणी बाण चक्क उलटे. उद्देशाच्या पानावर ‘उत्पादनक्षमतेत वाढ करणे’ हे मुलांचं ठरलेलं वाक्य. मी अहवाल मिटणारच होते, तेवढ्यात शेवटी पेन्सिलीनं लिहिलेली चार पानं दिसली. ‘तीन नंबरची टोपली डावीकडे ठेवतात, उजवीकडे खांब आहे.’ ‘सात नंबरचा माग दुपारी तापतो, फेऱ्या हळू होतात.’ ‘आत्याला हिरवा आणि निळा सारखाच दिसतो, निळा काढला.’ बाजारातून आणलेल्या प्रकल्पात कुणाच्या आत्याचे डोळे येत नाहीत. वापरणाऱ्याची गरज समजून घ्या, ही व्याख्या मी दर वर्षी पहिल्याच तासाला उतरवून देते. पण स्वतः वापरणाऱ्याच्या घरी मी कधी गेले होते? आठवून पाहिलं. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या परीक्षा बारापर्यंत आटोपल्या. मी सरांना म्हटलं, “प्रणालीला बोलवा. घरी चालतं म्हणाली ना? चला घरी.”

“कामठीले? या उन्हात?” सर हबकले. “चार वाजता लिफाफा बंद करायचा आहे, साडेपाचले तुमची गाडी. त्यापेक्षा झकास सावजी रस्सा खाऊ!”

“परीक्षा प्रयोगशाळेतच घ्यावी असं नियमात कुठं लिहिलंय?”

त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं. प्राचार्यांना फोन करून परवानगी मागितली, ती मिळाली, आणि सरांनी रुमाल ओला करून डोक्यावर घेतला.

कामठीला आम्ही सीटच्या ऑटोनं गेलो, म्हणजे मावतील तेवढी माणसं भरून निघणाऱ्या. मागे मी, प्रणाली, एक पालेभाजीवाली आणि तिची मेथीची गाठोडी; पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे आत, अर्धे बाहेर ढोबळे सर. वारा असा, की कुणी भट्टीचं दार उघडून समोर धरलं आहे. भाजीवालीनं मला न्याहाळलं आणि विचारलं, “कुठच्या वं बाई तुमी?”

“साताऱ्याची. हिची परीक्षा घ्यायला आलेय.”

“ऑटोत?”

प्रणाली पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, “मॅडम, तिथंही नाही चाललं तर?”

“तर नापास,” मी म्हटलं. खोटा धीर देणं मला कधी जमलेलं नाही.

छावणीचा भाग मागे पडला, गल्ल्या अरुंद झाल्या आणि प्रणालीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला कारण कळेना. ती म्हणाली, “आवाज नाही येऊन राहिला.” एरवी या गल्लीत शिरल्याबरोबर मागांची खटखट ऐकू येते म्हणे. आता फक्त कावळे ओरडत होते. वीज गेली होती.

शेडच्या दारात तिची आत्या उभी होती. काटक बाई, कपाळावर घाम, पदरावर सुताचे धागे. लहानपणापासून प्रणालीला तिनंच वाढवलेलं. आठ मागांच्या कांड्या ती एकटी भरते, माग प्रणालीचे वडील आणि काका चालवतात; ते दोघं आत मागांपाशी विजेची वाट पाहत बसले होते. मी कोण ते कळल्यावर तिनं आधी भाचीला फैलावर घेतलं. “काहून वं, मॅडमले उन्हातान्हाचं आणलं? लाइन कधी येईल त्याचा नेम नाही!” मग माझ्याकडे वळून, “या जी, बसा. जेवल्याबिगर जाऊ देणार नाही मी.”

एक वाजून गेला होता. सर सारखे घड्याळ पाहत होते. घर शेडच्या मागे, मधे पाच-सात पावलांचं अंगण. आम्ही जमिनीवर मांडी घालून बसलो. ताटात पाटवडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा काळ्या मसाल्यातला रस्सा), भाकरी, भात आणि कैरीचं पन्हं. पहिला घास घेतला आणि सरांचं घड्याळ बघणं थांबलं. दोन वाजले. वीज नाही. प्रणालीनं भाकरीचा एक तुकडा तेवढा कुस्करून ठेवला होता. आत्या सगळ्यांना वाढून शेवटी आपलं ताट घेऊन बसली.

तिनं भाकरी मोडली आणि वीज आली.

आधी एक माग खटखटला, मग दुसरा, मग आठही. भिंती थरथरू लागल्या, पन्ह्याच्या पेल्यावर तरंग उठले, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी उष्ट्या हातानं उठले. प्रणालीही ताडकन उभी राहिली. संगणक शेडमध्ये होता आणि मला तो पडदा माझ्या डोळ्यांनी पाहायचा होता.

आत्या हलली नाही. तिनं समोरच्या फळीकडे बोट केलं आणि माझ्या कानाशी वाकून ओरडली, “बसा वं मॅडम, हिरवं हाये!”

फळीवर डब्यांच्या मधे एक जुना मोबाइल टेकवून ठेवला होता. काचेला तडा गेलेला. त्यावर आठ चौकोन होते, आठही हिरवेगार.

मी बसले. आत्या सावकाश जेवत होती. मी ओरडूनच विचारलं, “पूर्वी कसं कळायचं?”

“कसं कळन? या आवाजात शेडातून घरी हाक नाही पोचत. मंग तिथंच उभी राहो. एका हातात भाकर, दुसऱ्या हातानं कांड्या. बावीस वर्सं बसून जेवलो नाही मी, माग चालू असताना.” (तिकडच्या बायका ‘मी जेवलो’ असंच म्हणतात.) “आता या पोरीनं बसवलं.”

ती शेवटचा भात कालवत होती तेव्हा पाचवा चौकोन पिवळा झाला. तिनं उरलेला भात संपवला, हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. मी मात्र धावले. परीक्षक आहे मी, नुसत्या रंगावर विश्वास कसा ठेवू? पाचव्या मागाच्या टोपलीत हात घालून मोजल्या. तीन कांड्या उरल्या होत्या. आत्यानं टोपली भरली, ती भरल्याचं शेजारचं बटण दाबलं आणि चौकोन हिरवा झाला. दाराशी प्रणाली उभी होती. तिला माझं बोलणं ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी नुसती मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ढोबळे सरांनी त्या गोंगाटात टाळ्या वाजवल्या. दिसल्या, ऐकू आल्या नाहीत.

परतीच्या ऑटोत मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. खोटे आकडे भरणं म्हणजे दर वेळी फसवणं नसतं, आपलंच काम तपासून पाहणंही असतं. तेवढं न केल्याबद्दल मी गुण कापणार. “कापा मॅडम,” ती आनंदानं म्हणाली. आणि दुसरी गोष्ट, उद्देशाचं पान बदलायचं. “उत्पादनक्षमता वगैरे कुणासाठी लिहिलंस?”

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “परीक्षकांले तेच लागते म्हणतात.”

सत्तावीस वर्षं मला तेच लागत होतं.

चारला दहा मिनिटं असताना लिफाफा बंद झाला. गुणपत्रिकेच्या कोपऱ्यावर रश्शाचा एक लाल ठिपका पडला होता. सरांनी शेजारी सही करून तो अधिकृत केला. गाडीत बसवताना त्यांनी संत्रा बर्फीचा डबा दिला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी आणखी कोणाच्या घरी नेता, तेवढं आधी सांगून ठेवा.” गाडी हलली आणि माझ्या लक्षात आलं, की दोन दिवसांत मी नागपुरात ना तलाव पाहिला, ना बाजार. पाहिलं ते एका बाईचं जेवण. मला त्याची जराही हळहळ वाटली नाही. उलट गाडीत बसल्या बसल्या डोळे भरून आले आणि समोरच्या प्रवाशाला मी तर्री तिखट होती असं सांगितलं.

जूनमध्ये प्रणालीचं पाकीट आलं. तिला एम.टेक.ला प्रवेश मिळाला होता. सोबत उद्देशाचं नवं पान होतं आणि त्यावर एकच ओळ : ‘आत्याला बसून जेवता यावं.’ ते पान मी प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. पहिल्या तासाला आता व्याख्या उतरवून देत नाही, ते पान वाचून दाखवते.

परवा तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा काळ्या पडद्यासमोर उभा राहून चाचरत म्हणाला, “मॅडम, घरी चालतं.” मागचा बाक आधीच हसायला लागला होता.

“कुठं राहतोस?” मी विचारलं.

“वाढे फाट्याला. का हो मॅडम?”

मी पर्स उचलली. “चल,” म्हटलं.