हेल्मेटमधला दोस्त

हथखोजच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. गेटवरचा सेफ्टीचा बोर्ड दर वर्षी नव्यानं रंगवायला उतईहून एक पेंटर येतो. बोर्डावर हेल्मेट घातलेला एक कामगार असतो. पेंटर सगळ्यात आधी त्याच्या हनवटीखालचा पट्टा रंगवतो, चांगला घट्ट आवळलेला, आणि मग त्यात चेहरा बसवतो. काम चालू असताना बोलत नाही. किती वेळ लागेल विचारलं, तर "करून राहिलो न" एवढंच म्हणतो.

चेहरा दर वर्षी तोच. उजवा कान जरा बाहेर आलेला, नाकाशेजारी तीळ. एकदा मी विचारलं, हा कोण?

"दोस्त होय माहा. बाजूच्या शेडमंदी वेल्डर होता. हेल्मेट सायकलच्या हँडलले टांगून ठेवे. गरम होते म्हणे. वरून पडला अन् गेला. तवापासून मीच घालून देतो त्याले."

एवढं सांगून तो ब्रश धुवायला गेला.

मागच्या वर्षी बोर्डावरच्या मिशीत पांढरे केस आले. यंदा कामगाराला चष्मा लागला.

"हा कावून?" मी चष्म्याकडे बोट दाखवलं.

"माह्याच वयाचा होय न तो," पेंटर स्वतःचा चष्मा पुसत म्हणाला. "मले लागला, त त्याले बी लागनच."

दुपारी सेफ्टी ऑफिसर बोर्डापुढे थांबले. "इसको चश्मा क्यों पहनाया है?"

पेंटर शिडीवर ब्रश पुसत राहिला. मी म्हणालो, "सेफ्टी गॉगल है, सर."