देवघरातला समुद्राचा गाळ

आता स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडानं सांगायची म्हणजे आधी चहा पाहिजे! घ्या, ओतलाय.

तर मी बालाघाटचा. पाणी म्हणजे वैनगंगा, एवढीच माझी समज. आणि नोकरी कसली मिळावी? समुद्राच्या उथळ पाण्यात पाईप ठोकून तळाचा गाळ काढायची! वरचा थर आजचा, अगदी खालचा हजार वर्षांचा. प्रयोगशाळेचे सर म्हणाले होते, "हा पहिला पाईप नीट आण, मग तुझी जागा पक्की."

पण समुद्र पाहिला आणि माझं भानच हरपलं हो! कमरेएवढं पाणी, त्यावर उन्हाची चांदी, आणि मी होडीत बसून आईनं पिशवीत भरून, लाल लोकरीनं बांधून दिलेला चिवडा खातोय. पिशवी कधी हातातून सुटून बुडाली, कळलंच नाही. तंद्रीतच तिथं पाईप ठोकला, तंद्रीतच उपसला, टोपणं लावली. वरच्या टोकाला खूण करायची होती. केली एका टोकाला!

सुट्टी लागून प्रयोगशाळा बंद होती, म्हणून पाईप घरी आणला. आईनं तो देवघराजवळ उभा केला.

"हजार वर्साची माती कोठी हाये रे?"

"खालच्या टोकाला, माय."

झालं! त्या टोकाला रोज कुंकू. बाबांनी गल्ली गोळा केली. शेजारचे भैया पाईपला कान लावून म्हणाले, "अंदर समुंदर की आवाज आती है क्या?"

मग मी कशाला थांबतोय? डोळे मिटून जुनी गलबतं, शिडं, दूरची बंदरं सांगत सुटलो. खरं सांगू? मला ती दिसत होती. फार सुखाचे दिवस होते ते.

सुट्टी संपली. सरांनी पाईप उभा चिरला. अख्खी गल्ली व्हिडिओ कॉलवर! कुंकवाच्या टोकाशी काहीतरी चमकलं. सरांनी चिमट्यानं ओढलं. प्लास्टिकची पिशवी, तोंडाला लाल लोकर.

"हजार वर्षांपूर्वी प्लास्टिक?"

मी घाईघाईनं म्हणालो, "सर, लाटांनी खाली गेली असेल..."

तेवढ्यात फोनमधून आई ओरडली, "काहून रे, हे तं माह्या चिवड्याची पन्नी होय! लोकर मीच बांधलती!"

सरांनी शांतपणे पाईप उलटा फिरवला. "खूण उलट्या टोकाला केलीस. जागेचं पुढच्या पाईपनंतर बघू. आणि चिवडा घरी ठेवून ये."

मी मान खाली घातली. मग पुन्हा आईचाच आवाज, अगदी मनापासून विचारलेला.

"म्हणजे मी रोज चिवड्याच्या पन्नीले कुंकू लावत होती! मंग तुले डोळे मिटून गलबतं कायचे दिसत होते रे?"