आत्याची कोपरखळी

माझी आत्या विमान दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. कॉकपिटमधला इंधनाचा स्विच आधी वर उचलावा लागतो, मगच सरकतो. नुसत्या धक्क्यानं इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला खाच असते. तो तपासताना आत्या त्याला कोपरखळी मारायची. "बोटं शहाणी असतात, धक्का अडाणी असतो," म्हणायची. तिथे तिला सगळे कोपरबाईच म्हणत.

एक लहान विमान उडताक्षणी शेतात आपटलं. हाडं मोडली, पण सगळे वाचले. स्विच 'बंद'वर सापडला. वायरिंग ठीक निघालं. खाच ठीक असल्याचा वर्कशॉपचा कागद होताच. म्हणजे उरला वैमानिक! "माझी फाइल तेवढी घसरून स्विचवर आदळली, मी हात लावला नाही," तो बेंबीच्या देठापासून सांगत होता. पण जन्मात सायकलची चेन न बसवलेले लोक टीव्हीवर त्याचं लायसन्स काढून घ्यायला निघाले होते. माझं तर डोकंच फिरलं.

त्या कागदावर सही आत्याची होती. तारीख तिनं दोनदा वाचली.

"तेव्हा माझं कोपर प्लास्टरमध्ये होतं रे. बोटांनीच तपासलं मी. बोटांनी सवयीनं आधी उचललं असणार."

"ताई, सहा महिन्यांत रिटायर होशील," बाबा म्हणाले. "कशाला विकतचं दुखणं घेतेस?"

"आणि त्या पोराचं काय?"

चौकशीत आत्यानं तोच स्विच मागितला. मुख्य साहेबांनी तो बोटांनी सरकवला. "नीट आहे की!"

"साहेब, तुम्हीही नकळत उचललात." आणि तिनं कोपरखळी मारली. टक्! स्विच 'बंद'वर. भिंगाखाली खाच झिजलेली दिसली, झीजही जुनीच. "सही माझी, चूकही माझी," आत्या म्हणाली.

तिचा सहीचा अधिकार तीन महिने गेला. वैमानिकाचं चौकशीपुरतं काढून घेतलेलं लायसन्स मात्र परत आलं आणि न उचलता धक्का देऊन बघायचं, हे प्रत्येक तपासणीत सक्तीचं झालं. अभिमानानं माझी छाती फुगली होती!

नोकरीच्या शेवटच्या दिवशी आत्याकडे एक विमान तपासायला आलं. ते उडवणार होता तोच वैमानिक, किंचित लंगडत आलेला. "बाई, तुमच्या सहीशिवाय मी नेणार नाही," तो म्हणाला.

आत्यानं स्विचला कोपर मारलं. मग जोर लावून पुन्हा मारलं. स्विच हलला नाही. तिनं सही केली.

"जा, उडव," ती म्हणाली, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत कोपर चोळत उभी राहिली.