अण्णा आणि महेशचं जुनं कर्नेल

अण्णांसमोर ‘अपडेट’ हा शब्द काढायची सोय नव्हती. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा चादरींचा छोटा कारखाना. तिथं जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, विकणारा एक माणूस एकदा तसं बोलून बसला. अण्णांनी खिशातली धागे तोडायची कात्री काढली आणि त्याच्या देखत इंटरनेटची वायर कापली. “कर आता अपडेट,” म्हणाले. तो बिचारा चहा न घेताच गेला.

कारण होतं हो त्याला. चादरीवर कोणती नक्षी उठवायची हे जकार्डला सांगणारा पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर बोर्ड त्यांच्या मुलाने, महेशने बसवलेला. त्या बोर्डावरून मागाला हुकूम देणारा प्रोग्रॅमही त्यानेच लिहिलेला, आणि तो चालायचा फक्त त्या वेळच्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ गाभ्यावर; अपडेट झालं की बंद. पुढे घरी येताना ट्रकने महेशच्या मोटरसायकलला उडवलं, तो जागीच गेला. पाठीवर लॅपटॉप होता, त्याचाही चुरा झाला. प्रोग्रॅममध्ये बदल करायला लागतो तो मूळ कोड त्यातच होता. मागावर चालत होतं तेवढंच मागे राहिलं. सुतक फिटायच्या आत अण्णांनी माग चालू केला. भावकीने नावं ठेवली, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

त्या बोर्डाला ते जिवापाड जपायचे. वीज गेली तरी तो बंद पडू नये म्हणून बॅटरी लावली. कारखान्यात कापसाची धूळ सतत उडते, ती आत जाऊ नये म्हणून एक नवा टॉवेल त्याच्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवला. माझं सात रस्ता चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे मी अधूनमधून जायचो. म्हणालो, “अण्णा, गरम होतंय हे. टॉवेल काढा.”

“राहू दे की. धूळ लई हाय हितं.”

वर पत्रे, त्यात सोलापूरचा मे महिना. व्हायचं तेच झालं. बोर्ड जळला.

प्रोग्रॅम असलेलं आतलं मेमरी कार्ड शाबूत होतं. पण तसला जुना बोर्ड आता कुठेच मिळेना, नवा बोर्ड जुन्या कर्नेलवर सुरू होईना, आणि नव्या कर्नेलवर महेशचा प्रोग्रॅम चालेना. हे मी अण्णांना किती परीने समजावलं असेल. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “कर्नेल बदल की. पोराचं तेवढं राहू दे.” डोकं फिरायची पाळी यायची.

मी तो प्रोग्रॅम जबरदस्तीने चढवायचो आणि बोर्ड जागच्या जागी गोठायचा. दुसरं कर्नेल घ्या, तिसरं घ्या, रडगाणं तेच. रोज मी दुकान उघडायला जावं तर अण्णा आधीच पायरीवर. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचे, “पोराचं काम आडलंय.” आडलंय म्हणे! पोरगाच राहिला नव्हता, आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं.

शेवटी एकदाचं बोललो. “अण्णा, ते आता व्हायचं नाही. मी नवीन लिहितो.”

ते स्क्रीनकडे वळले. “मग त्याचं काय राहिलं बे हितं?”

आणि उठताना स्वतःच म्हणाले, “लिव. कामगार बसून हायत.”

मग कारखान्यातच ठाण मांडलं. जकार्डचा धागे ओढणारा एकेक हूक उचलून बघत प्रोग्रॅम लिहिला. एका दुपारी माग सुरू झाला आणि चादरीवर मोर उमटायला लागला, महेशच्या वेळी उमटायचा तसाच. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं. “चाललं की,” म्हणाले आणि मागाच्या कडेला खाली बसले.

खडखडाटात आवाज येत नव्हता, नुसतं अंग हलताना दिसत होतं. मी घाबरून शेजारी बसलो, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“पोरगं गेलं तवा रडलो न्हाय बे मी,” अण्णा म्हणाले. “त्याचं चालू होतं की.”