माझ्या पापण्यांची सावड

मी जर्मनीत शिकायला गेले आणि तिथे फार छान झोपले. रात्री नव्हे, सकाळी आठच्या लेक्चरला.

गावी निरगुडसरला असताना पहाटे उठून गाईंच्या धारा काढणारी मुलगी मी. पण गाय आणि प्राध्यापक यांत फरक असतो. गाय मध्येच लाथ झाडते, त्यामुळे माणूस सावध राहतो. आमचे प्राध्यापक कधीच काही झाडत नसत. एका सुरात, एका जागी, एकाच स्वेटरमध्ये बोलत राहायचे. बाहेर मिट्ट काळोख (तिकडे हिवाळ्यात आठ वाजेपर्यंत सूर्यालाही उठवत नाही), आत हीटरची ऊब आणि पडद्यावर विषय, 'संस्थेतील मानवी वर्तन'. थोड्याच वेळात माझं वर्तन बंद पडायचं.

शेवटी त्यांनी मला थांबवून शांतपणे सांगितलं, "पुन्हा झोपलेल्या दिसलात तर परीक्षेला बसू देणार नाही." हा विषय वर्षातून एकदाच शिकवतात. म्हणजे एका डुलकीपायी अख्खं वर्ष पाण्यात! आणि गावात तर आईने पोरगी जवळपास साहेब झालीच म्हणून सांगून ठेवलेलं.

मी घाबरून आईला फोन लावला आणि रडले. आईने माझा नाक ओढण्याचा आवाज नीट संपू दिला.

"किती वाजता असतं तुझं ते?"

"आपल्याकडचे साडेबारा."

"मग आमी जागंच असतो की. मी बघते तुझ्याकडं."

असा तोडगा निघाला. व्हिडिओ कॉल लावायचा, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा, एका कानात केसांखाली इअरबड. माझी पापणी पडली रे पडली की आई तिकडून हाक मारणार. आमच्याकडे अंतर बघून आवाज लावतात. पलीकडच्या बांधावर एवढा, ओढ्यापलीकडे तेवढा. त्या हिशोबाने जर्मनीला लागणारा आवाज माझ्या कानात घुसायचा आणि मी ताडकन सरळ बसायचे. प्राध्यापकांनी दोनदा माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली.

मग कांदालागवड सुरू झाली. वाफ्यात वाकून रोपं टोचायची की लेकीच्या पापण्या बघायच्या? आईने सरळ सावड घातली. सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या रानात राबा, उद्या आम्ही तुमच्या. तीच पद्धत तिने मला लावली. बायकांनी पाळीपाळीने बांधावर बसून माझ्याकडे बघायचं आणि मी सुट्टीत आल्यावर जिची तिची सावड फेडायची. मला कुणी विचारलं नाही. सावडीत बैलाला तरी कुठे विचारतात!

शेजारच्या सुनंदाकाकीने हे काम सगळ्यात मनावर घेतलं. ती माझं नुसतं धावतं वर्णन करायची. "डावा डोळा गेला. उजवा बी चाललाय. अगं मने, काल जेवलीस का न्हाई? मास्तर रोज त्योच स्वेटर घालतोय गं, बायको न्हाई का त्याला?" या बातम्या ऐकत जागं राहणं सोपं होतं. फक्त लेक्चर ऐकू यायचं नाही.

एका सकाळी मात्र घात झाला. बड चार्ज करायचा राहून गेला होता. तो मेला, आणि नेमकी त्याच वेळी माझीही मान पडली. काकीचा आवाज आता कानात न येता थेट फोनच्या स्पीकरमधून निघाला.

"मने! ए मने! उठ गं भवाने, मास्तर मागं उभा हाय!"

अख्खा वर्ग वळला. मी डोळे उघडले तर फोनच्या पडद्यावर माझ्या खांद्यामागे स्वेटर. आणि समोर, निरगुडसरच्या बांधावर, डोक्यावरचे पदर सावरत गोळा झालेल्या सगळ्या बायका. भाकरी सोडायची वेळ झालेली. प्रत्येकीच्या हातात फडकं.

आई पुढे आली. समोर माणूस दिसल्यावर आमच्याकडे जे म्हणतात, तेच तिने म्हटलं.

"या सर, जेवायला."

"काय म्हणताहेत त्या?" प्राध्यापकांनी विचारलं.

"जेवायला बोलावताहेत."

"आत्ता? सकाळी?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "आणि या सगळ्या कोण?"

वर्ष तर गेलंच होतं. मी खरं ते सांगून टाकलं. शेत, कांदा, सावड, पाळ्या, सगळं. मी चंबूगबाळं आवरायला घेतलं. पण त्यांचा चेहरा असा उजळला की हिवाळा सुरू झाल्यापासून त्या खोलीत तेवढा उजेड कुणी पाहिला नव्हता.

"म्हणजे एका व्यक्तीचं लक्ष हे सामूहिक श्रमातून निर्माण केलं जातं!"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी मला परीक्षेला बसू द्यायचं कबूल केलं, एका अटीवर. फोन मोठ्या पडद्याला जोडायचा. त्या दिवसापासून आमचं प्रत्येक लेक्चर "शेत लागलं का?" या प्रश्नाने सुरू व्हायचं. भिंतभर सुनंदाकाकी, समोर वहीत टिपणं काढणारी जर्मन मुलं. माझी पापणी जरा लवली की चाळीस जण आणि एक बांध मिळून माझ्याकडे बघायचे. इतक्या अपमानात झोप कुणाला येणार! मी परीक्षा दिली आणि चक्क पास झाले.

आईला फोन केला. मार्क वगैरे राहिलं बाजूला.

"कधी येतीस? सावड फेडायचीय."

सुट्टीत मी कांदे काढायच्या तयारीने गावी उतरले. जुने कपडे बॅगेत वरच घेतले होते. पण सुनंदाकाकीचा हिशोब वेगळा.

"कांदं कशाला? आमी काय कांदं लावलं व्हतं तुझं? आमी तुला जागं ठेवलं. आमच्या सोनालीची बारावी हाय, पुस्तक उघडलं की पेंगती. तू बस तिच्याम्होरं."

सोनाली ही काकीची मुलगी. दुपारी काकीच्या पडवीत ती चटईवर पुस्तक घेऊन बसली आणि मी समोर खांबाला टेकून, मास्तरांसारखा चेहरा करून. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी भवितव्याची जबाबदारी माझ्यावर आली होती, आणि ती मी मनापासून पाळणार होते. काकी पदराने वारा घेत ओसरीवर पहाऱ्याला. सोनालीने पहिलं पान उलटलेलं मला नक्की आठवतं.

कुणीतरी हळूच खांदा हलवला. डोळे उघडले तर सोनाली ताजीतवानी समोर उभी, धडा संपवून. हातात तिने माझ्यासाठी उशी आणली होती.

"ताई, आडवी हो जरा," ती म्हणाली. "तू घोरतीस ना, मला झोपच येत न्हाई. उद्या बी येशील का?"