काळ्या डोंगराच्या वाटेवरची पांढरी गाडी

मुलीला शाळेत ज्वालामुखीवर प्रोजेक्ट करायचं होतं, म्हणून आम्ही त्या डोंगराकडे गेलो. ती तेव्हा तिसरीत होती. वर्गातली बाकीची मुलं मातीचा डोंगर करून त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतणार होती. हिला खरा बघायचा होता. मी सांगितलं की इथे तसा ज्वालामुखी नाही. पण फुजैराच्या बाजूला काळे डोंगर आहेत, त्यांचा दगड फार फार पूर्वी समुद्राच्या तळाखाली वितळलेला होता, मग थिजला आणि हळूहळू वर ढकलला गेला. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे उत्तर जरा लांबलंच. तिने त्यातलं हवं तेवढं घेतलं. "सो इट इज अ व्होल्कॅनो," ती म्हणाली.

ही २००९ च्या जानेवारीतली, मंदीतली गोष्ट. आम्ही दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहत होतो. नवरा स्ट्रक्चरल इंजिनिअर, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कन्सल्टन्सीत होता. नोव्हेंबरात एका सकाळी त्यांच्या मजल्यावरच्या लोकांना एकेक करून आत बोलावलं आणि दुपारपर्यंत अर्ध्या मजल्याच्या नोकऱ्या खलास, त्यात याचीही. कंपनीची गाडीही परत द्यावी लागली. माझा पगार चालू होता आणि घरच्यांचा व्हिसा मला माझ्यावर घेता आला, म्हणून आम्ही टिकलो. बिल्डिंगमधले बरेच जण टिकले नाहीत. खाली पार्किंगमध्ये धुळीने माखलेल्या गाड्या तशाच उभ्या राहायला लागल्या. समोरच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी दिवे लागणाऱ्या खिडक्या दर आठवड्याला कमी व्हायच्या. कोण कधी गेलं ते कळायचंही नाही.

नवरा चिडत नव्हता, रडत नव्हता. बोलणं मात्र कमी झालं होतं, आणि माझ्या छोट्या गाडीच्या स्टीअरिंगला तो हात लावेनासा झाला होता. "तू चालव," एवढंच म्हणायचा. या ट्रिपचं निघालं तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याच्या अंगात थोडा जीव आला. नकाशा छापून आणला, टायर तपासले, स्पेअर टायरमधली हवासुद्धा बघून घेतली. पाण्याचा क्रेट, ओढायचा दोर, फावडं, टॉर्च. डोंगरावर ढग दिसले तर अर्ध्या वाटेतून परत फिरायचं, कारण कोरड्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या पात्रात, पाण्याचा लोंढा आला की पळायला वेळ मिळत नाही, हे त्याने मुलीला दोनदा बजावलं.

गाडी भाईंची. भाई आणि भाभी आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंचं शारजा औद्योगिक क्षेत्रात गॅरेज होतं. त्यांनी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह दिली. चावी देताना मला म्हणाले, "ताई, वादीत मोबाइल लागत नाय. मगरीबपर्यंत, दिवस बुडेपर्यंत तुमचा फोन आला नाय, तर मी निघालो म्हणून समजा."

शुक्रवारी सकाळी निघालो. तिकडचा सुट्टीचा दिवस, रस्ता मोकळा असणारच. पण तो जरा जास्तच मोकळा होता. शारजा मागे पडल्यावर अर्धवट व्हिलांची एक लांब रांग लागली. क्रेन जागच्या जागी उभ्या. बाहेरच्या मोठ्या बोर्डावर हसणारं कुटुंब, आणि आतमध्ये माणूस म्हणून नाही. सगळे सिग्नल मात्र चालू होते. लाल लागला की मी थांबायचे आणि समोरून कोणीच जायचं नाही.

वाटेत धैद गावात पेट्रोल भरलं. पंपावरच्या दुकानात मुलीने बिस्किटं घेतली आणि गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्या आवाजात सांगितलं की आम्ही व्होल्कॅनो बघायला चाललोय. तो हसला. कॉफीच्या मशिनपाशी आणखी एक माणूस उभा होता, फॉर्मल शर्ट, गळ्यात टाय. शुक्रवारी टाय, एवढं माझ्या मनात आलं आणि मी पुढे झाले.

पंप सोडल्यावर थोड्याच वेळात आरशात पांढरी गाडी दिसली. साधी सेडान. मी वेग कमी केला, तशी तीही हळू झाली. वाढवला, तर अंतर तेवढंच. नवऱ्याला सांगितलं. तो मागे वळून बघत राहिला, मग म्हणाला, "बाजूला घे, जाऊ दे त्याला पुढे." मी रस्त्याच्या कडेला थांबले. पांढरी गाडीही मागे लांबवर कडेला थांबली. काचेवर ऊन चमकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. कोणी उतरलं नाही. मुलगी मागे गाणं म्हणत होती, ते सोडून तीही मागच्या काचेतून बघायला लागली.

मसाफीच्या आधी रस्त्याकडेला गालिच्यांची, फळांची दुकानं आहेत. तिथे गर्दी होती, धीर आला. मी मुद्दाम आमची गाडी दोन गाड्यांच्या मधून काढली, आणि पुढच्या वळणानंतर आरसा रिकामा झाला. नवरा म्हणाला, "गेला वाटतं." आम्ही डांबरी रस्ता सोडून वादीत उतरलो. त्याने टायरमधली हवा थोडी कमी केली आणि मला सांगितलं, वेग एकसारखा ठेव, एकदम ब्रेक नको. दगडगोट्यांतून खडखडत आत गेलो. फोनवरच्या रेषा एकेक करून नाहीशा झाल्या. आकाश स्वच्छ होतं.

डोंगर काळा होता, म्हणजे नुसता गडद नव्हे. जळून गेलेल्या तव्यासारखा. झाड नाही, पक्षी नाही. इंजिन बंद केल्यावर एक बारीक टकटक ऐकू यायला लागली. उन्हाने दगड तापत होते, त्याचा आवाज असावा, असं मी मुलीला सांगितलं. मला स्वतःला खात्री नव्हती.

गाडी सोडून आम्ही थोडं वर चढलो. खडकांच्या बेचक्यात एक लहानसं डबकं होतं. निळसर पाणी, वर दुधावर यावी तशी पांढरी साय. साय मधूनच फुगायची आणि खालून एक बुडबुडा फुटायचा. मग शांत. मग परत एक. मुलगी वाकून बघत होती. "इट्स ब्रीदिंग," ती हळूच म्हणाली. मी तिला हात लावू दिला नाही.

तेवढ्यात खालून गाडीचं पोट दगडावर घासल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर आमच्या गाडीशेजारी ती पांढरी सेडान उभी होती.

नवऱ्याने आधी आमच्या गाडीची चावी माझ्याकडेच आहे ना, ते बघून घेतलं. "तुम्ही इथेच थांबा. मी हात वर केला तरच खाली या." तो उतरत गेला. मी मुलीला पाठीमागे घेतलं. तो त्या गाडीच्या खिडकीपाशी वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग पलीकडून फिरून गेला, दार उघडलं आणि आत बसला. दार लागलं.

त्यानंतर काहीच झालं नाही. दगड टकटक करत होते. डबक्यात बुडबुडे फुटत होते. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. एवढं आठवतं की मी खाली उतरायच्या दोन वाटा हेरून ठेवल्या आणि मुलीला चपलांचे बंद घट्ट करायला लावले. तिने विचारलं, "इज बाबा कमिंग बॅक?" मी हो म्हटलं.

शेवटी दार उघडलं आणि नवऱ्याने हात वर केला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा पंपावरचा टायवाला माणूस मागच्या सीटवर बसून बाटलीतलं पाणी पीत होता. नवऱ्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हा गाडी चालवायच्या अवस्थेत नाही, ती मी चालवतो. तू पुढे राहा, मी मागून येतो, सेडान अडकली तर दोराने ओढू. मी विचारलं, कोण आहे हा? तो म्हणाला, "माझ्यासारखाच आहे. घरी गेल्यावर सांगतो. आता नीट चालव."

परतीच्या वाटेवर आरशात तीच पांढरी गाडी होती, तेवढ्याच अंतरावर. आता तिच्यात माझाच नवरा होता, हे ठाऊक असूनही काचेवरच्या चमकेत चेहरा दिसत नव्हता, आणि मसाफीपर्यंत मी पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिले. मी थांबले की ती थांबायची. डांबरी रस्त्यावर आल्यावर आमच्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरून घेतली. फोन लागला तसा आधी भाईंना केला. ते म्हणाले, "अल्हमदुलिल्ला. आता सावकाश या."

त्या माणसाचं घर शारजात होतं. चौथ्या मजल्यावर त्याच्या बायकोने दार उघडलं. आम्ही कोण, हे तिने विचारलं नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या काळ्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघत राहिली, मग त्याच्या गळ्यातला टाय स्वतःच सोडवला आणि त्याला आत नेलं. परत येऊन आमचा फोन नंबर घेतला.

घरी येताना गाडी नवऱ्याने चालवली. मी काही बोलले नव्हते, तोच चालकाच्या बाजूला जाऊन बसला. मुलगी मागे झोपली होती. तेव्हा त्याने सांगितलं. त्या माणसाची नोकरी डिसेंबरमध्ये गेली होती. घरी सांगितलं नव्हतं. रोज टाय लावून निघायचा, संध्याकाळपर्यंत गाडीत फिरायचा. शुक्रवारीही, जादा काम आहे म्हणून. पंपावर त्याने आमच्या मुलीचं बोलणं ऐकलं आणि मागे लागला, वादीत आमच्या टायरांच्या खुणा बघत आत आला.

"मी आत बसलो," नवरा म्हणाला, "तर त्याने मला एवढंच विचारलं, इसमें अभी भी आग है क्या?"

मी विचारलं, तू काय सांगितलंस.

"सांगितलं, नाही. केव्हाच विझलाय. आत काही नाही, नुसता दगड आहे. मग तो रडायला लागला." पुढच्या सिग्नलला म्हणाला, "माझी गेली तेव्हा मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं, म्हणून बरं."

काही दिवसांनी त्या बाईंचा मला फोन आला. आम्ही हिंदीत बोललो. त्या म्हणाल्या, मला सगळं माहीत होतं. डिसेंबरात एकदा यांच्या ऑफिसला फोन लावला होता, नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, परत तेच. तेव्हाच मी समजले. रोज सकाळी शर्टाला इस्त्री करताना वाटायचं, आज विचारू. पण विचारलं आणि यांना घरी तोंड दाखवायची लाज वाटली, आले नाहीत, तर काय करू? म्हणून डबा भरून द्यायचे. डबा रिकामा आला की तो दिवस गेला असं समजायचे.

शुक्रवारी तो भरलेलाच परत आला होता, हेही त्यांनी सांगितलं. मार्चमध्ये ते दोघं आपल्या गावी निघून गेले.