शेवट नसलेलं पुस्तक आणि रविवारची मंडळी

आमच्या घरात दोन गोष्टी साठत गेल्या. एक पोथ्यांच्या झेरॉक्स आणि दुसरे किस्से. झेरॉक्स मी दर दिवाळीला शिव्या घालत कपाटात कोंबते. किस्से कुठं कोंबणार? चार बायका बसल्या की ते आपोआप बाहेर येतात. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावेत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ज्यांना शुद्ध भाषा पाहिजे त्यांनी आमच्या ह्यांचं पुस्तक वाचावं!

आमचे हे म्हणजे जाधव सर. शेतकऱ्याचा पोरगा, पण संस्कृतात पार डॉक्टर झाला. दर रविवारी उस्मानपुऱ्यात आमच्या घरी मंडळ भरतं. मंडळ म्हणजे तीन माणसं. एक हे. दुसऱ्या डोणगावकर बाई, कॉलेजात संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. तिसरे मिर्झा साहेब, फारसीचे प्रोफेसर. संस्कृतच्या मंडळात फारसी कशाला, असं एकानं विचारलं तर म्हणाले, "मियाँ, दोनों को कोई नहीं पढ़ता. इसलिए साथ बैठते हैं!" चौथी मी. चहाही माझा आणि विरोधी पक्षही मीच.

शहराचं नाव बदललं, दुकानांच्या पाट्या बदलल्या. मंडळाचा विषय काही बदलला नाही. विषय एकच, ह्यांचं पुस्तक.

*

ते पुस्तक ह्यांनी लिहिलेलं नाही. कुणा जुन्या पंडितानं लिहिलं, जमिनीत पाणी कुठं लागेल त्याच्यावर. ह्यांचं काम म्हणजे जिथं जिथं त्याच्या पोथ्या सापडतील तिथून आणायच्या, ओळीला ओळ लावून बघायची आणि खरं काय ते छापायचं. सगळं जमलं होतं. अडलं एका ठिकाणी. शेवटचा अध्याय कुठल्याच पोथीत नव्हता! पाणी कसं शोधायचं ते सगळं होतं. पाणी लागल्यावर काय करायचं, त्याचं नुसतं नाव सुरुवातीच्या यादीत होतं.

ह्यांनी ठरवलं, शेवट सापडल्याशिवाय छापायचं नाही. झालं! माझ्या संसारातली निम्मी वर्षं त्या शेवटाची वाट बघण्यात गेली.

एकदा माझे वडील गावाहून आले. रविवार होता, मंडळ बसलेलं. वडिलांनी विचारलं, "जावईबापू, पुस्तकाचं कुठवर आलं?"

"सगळं झालं मामा. शेवट सापडेना."

वडिलांनी पान लावलं, चुना पुसला आणि म्हणाले, "मंग शेवट तुम्हीच लिहून टाका की! कोण बघाया येतंय?"

डोणगावकर बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. हे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मिर्झा साहेब तेवढे वडिलांकडं सरकले आणि हळूच म्हणाले, "मामू, ये बात इन्हों को मत बोलो. दुनिया की आधी किताबें ऐसेच पूरी हुई हैं!"

*

डोणगावकर बाईंनी एका रविवारी नियम काढला. मंडळात बसायचं तर संस्कृतातच बोलायचं. जो दुसऱ्या भाषेत बोलेल त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे. नियम मला फार आवडला. मी स्वयंपाकघरातून बघत बसले की पहिला बळी कोण.

मिर्झा साहेब हुशार. तासभर तोंडच उघडलं नाही, नुसती मान हलवत बसले. अशात ह्यांच्या पायाजवळच्या गठ्ठ्यातून एक विंचू निघाला. बाईंनी पाहिला. बोट केलं. तोंड उघडलं. पण वाक्य काही बाहेर येईना! विंचू घोट्यापाशी गेला, बाई अजून मनात जुळवाजुळव करतायत. विंचू चढला. बाई म्हणाल्या, "भो महोदय…" आणि विंचवानं काम उरकलं.

मग हे जे ओरडले ते शुद्ध गावाकडच्या, फुलंब्रीच्या मराठीत! त्या शिव्या मी लग्नापासून ऐकल्या नव्हत्या. विंचू मी चपलेनं ठेचला, पायाला कांदा चोळला, रिक्षा बोलवायला निघाले. बाई तशाच बसलेल्या.

मी म्हटलं, "बाई, मराठीत 'विंचू' म्हणाला असता तर काय झालं असतं?"

बाई म्हणाल्या, "कप धुवावे लागले असते."

*

पाण्याच्या पुस्तकाची कीर्ती गल्लीत पसरली. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. शेजारचे लोक ह्यांच्याकडं आले. "सर, तुमच्या पुस्तकात बघून सांगा, बोअर कुठं घ्यायचं?"

ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुस्तकातलं काही विचारलं होतं. मान ताठ झाली. पुस्तकात लिहिलेलं, अमुक झाडाच्या अमुक अंगाला वारूळ असलं की खाली पाणी. आता उस्मानपुऱ्यात वारूळ कुठून आणायचं? दोन दिवस हे गल्लीत कमरेत वाकून फिरत होते. लोक विचारायचे, काही हरवलंय का? शेवटी एका घरामागं, कडुलिंबाखाली मुंग्यांचं भोक सापडलं. हे म्हणाले, "इथं!"

मशीन आलं. सगळी गल्ली गोळा झाली, पोरांनी बादल्या आणल्या. दिवसभर घरघर चालली. निघाला नुसता धुरळा. माझ्या वाळत घातलेल्या सगळ्या साड्या पांढऱ्या झाल्या!

संध्याकाळी मंडळ तोंडं पाडून बसलं. डोणगावकर बाई म्हणाल्या, "एखाद्या पोथीतला पाठ चुकलेला असणार."

मिर्झा साहेब म्हणाले, "बाईजी, पाठ सही है. पानी गलत है!"

*

ह्यांच्या कपाटात वरच्या फळीवर संस्कृत पोथ्या, खालच्या फळीवर मिर्झा साहेबांच्या फारसी. पावसाळा आला की कसर लागते. डोणगावकर बाई वेखंडाच्या पुरचुंड्या आणि सापाची कात ठेवायच्या. मिर्झा साहेब काही ठेवायचे नाहीत. प्रत्येक पोथीच्या पहिल्या पानावर एका चिठ्ठीवर नुसतं लिहायचे, "या कबीकज!"

"हे काय?" मी विचारलं.

"भाभी, कीड़ों का बादशाह. उसका नाम देखा कि कीड़ा किताब को हाथ नहीं लगाता."

"किड्याला फारसी वाचता येते?"

"आप के शहर में तो उसी को आती है!"

बाईंना हे पटेना. पैज लागली. पावसाळाभर कपाट बंद ठेवायचं, वरच्या फळीला वेखंड, खालच्या फळीला बादशाह. दसऱ्याच्या आधी उघडून बघायचं, जिंकलं कोण. उघडलं. वर एक कीड नाही. खाली एक कीड नाही. दोघंही जिंकले, दोघांनीही एकमेकांचं अभिनंदन केलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाचा डबा उघडला. सगळे किडे तिथं!

मी डबा तसाच आणून मंडळापुढं आपटला. मिर्झा साहेबांनी खिशातून पेन काढला. "भाभी, डब्बे पर भी लिख दूँ?"

"लिहा!" मी म्हटलं. अजून आहे. डब्यावर.

*

मंडळानं एकदा मोठं व्याख्यान ठेवलं. बाहेरगावचे विद्वान, चिकलठाण्याला विमानानं उतरलेले. हॉल घेतला, हार आणला. श्रोते विसरले! ऐनवेळी ह्यांचा फोन, "अगं, दहा-वीस माणसं मिळतील का?" मी आमच्या भिशीच्या सगळ्या बायका घेऊन गेले. विद्वान खूश. म्हणाले, स्त्रियांमध्ये एवढी आस्था मी कुठंच पाहिली नाही.

विषय होता चौसष्ट कला. दोन तास बोलले. आमच्या बायका ताठ बसून ऐकत होत्या, कारण नंतर कचोरी होती. शेवटी विद्वान म्हणाले, कुणाला काही शंका? आमची सुमन उठली. हिचं तोंड म्हणजे मोकळं रान.

"सर, एवढ्या कला करत होते तर सैपाक कोण करायचं?"

विद्वान हसले. "ताई, पाककला ही त्या चौसष्टांतलीच एक."

"म्हंजे एक आमच्याकडं आन् तिरसष्ट तुमच्याकडं, व्हय?"

आभार मानायला कुणी उठलंच नाही.

*

आता शेवटाचं. हर्सूलच्या पुढं एका गावात आबा म्हणून शेतकरी. त्यांच्या देवघरात एक पोथी आहे आणि ती पाण्याचीच आहे, असा सुगावा लागला. ह्यांची झोप उडाली. दर वर्षी हे जायचे. आबा चहा द्यायचे, कपाशीचं बोलायचे आणि पोथीचं नाव काढलं की म्हणायचे, "नाय." पोथी दसऱ्यालाच निघते, घरच्याशिवाय कुणी बघायची नाही, परक्याची नजर पडली की घरावर संकट. हे दोन-दोन तास समजावून सांगायचे आणि हात हलवत परत यायचे. ह्यांचे केस पांढरे झाले, सुरुवातीचे कागद पिवळे पडले. एक दिवस म्हणाले, "राहू दे आता. नाही व्हायचं." त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. चहा पिता पिता आबांनी घरचं सगळं रडगाणं सांगितलं, मग मी पोथीचं काढलं.

आबा म्हणाले, "बाई, परक्यानं पाह्यलं की घरावर संकट येतं."

मी म्हटलं, "अन् न बघता काय सुख आलंय? मोटर जळली, बैल गेला, पोराचं लगीन मोडलं. हे सगळं आमच्या नजरंनं झालं का?"

आबा हसायलाच लागले. "ही खरं बोलती. दसऱ्याला या. पर सरांना म्हणावं, बोलायचं नाय. लई समजावून सांगतेत!"

दसऱ्याला चौघं रिक्षानं गेलो. ह्यांनी नवं धोतर नेसलं होतं, लग्नातसुद्धा पॅंट घातलेला माणूस! आबांनी आंघोळ करून गठ्ठा आणला, पाटावर ठेवला, तांबडं फडकं सोडलं.

वरचं पान सगळं लाल. दसऱ्या-दसऱ्याचं कुंकू, ओलं करून लावलेलं, वाळून पापडासारखा थर झालेला. एक अक्षर दिसेना.

डोणगावकर बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही. ते पहिलं पान. पहिलं आपल्याकडं आहे."

आबांनी पान उचलून उलटं केलं. ह्यांनी वाकून वाचलं आणि तोंडचं पाणीच पळालं. पोथी कधी काळी कुणीतरी उलटी बांधली होती. पहिलं समजून पिढ्यान् पिढ्या पुजलं ते शेवटचं पान! मागच्या बाजूला तळाशी शेवटच्या अध्यायाचं नाव होतं आणि दोन ओळी. बाकी सगळा अध्याय वरच्या अंगाला, कुंकवाखाली.

आबांच्या पोरानं आतून चाकू आणला. "खरवडा ना सर. त्यात काय!"

"खरवडा जाधव," बाई म्हणाल्या.

ह्यांनी चाकू हातात घेतला. आबा पुढं सरकले आणि पानावर बोट ठेवून दाखवायला लागले. "हळू करा. ह्यो वरचा थर माझ्या मायचा. मागच्या दसऱ्याला लावला अन् दिवाळीला गेली. खाली बापाचा. त्याच्या खाली आज्याचा. त्याच्या खालचं मला म्हाईत नाय."

ह्यांनी चाकू पाटावर ठेवला. ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं, पानावर लावलं आणि हात जोडले.

परतीच्या रिक्षात, उस्मानपुरा आला तेव्हा मिर्झा साहेबांनी विचारलं, "जाधव साहब, अब किताब के आख़िर में क्या छापोगे?"

"जे दिसलं ते."

त्या वर्षी पुस्तक निघालं. जाडजूड, सगळं संस्कृत. मी उगाच पानं उलटत शेवटाला आले. दोन ओळी संस्कृतात होत्या. त्यांच्या खाली एक मराठीत, अख्ख्या पुस्तकात मला वाचता आलेली तेवढी एकच:

"यापुढे कुंकू आहे."